कोकणच्या चढणींसाठी एका चेनरिंगच्या रोड सायकलचे गिअर कसे ठरवावेत

कोकणचा किनारी रस्ता नकाशावर समुद्राला लागून सरळ गेलेला दिसला, तरी पायांना तो सपाट फारसा लागत नाही. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड फेरीबोटीतून उतरले की थोड्याच वेळात चढ सुरू होतो, तो जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या खडकाळ पठारावर, नेतो आणि सडा संपला की रस्ता पुन्हा पुढच्या खाडीकडे उतरतो. त्यामुळे पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचे दातेरी चक्र) असलेली सायकल येथे चालवायची असेल, तर निवडीची सुरुवात सर्वांत हलक्या गिअरपासून करावी, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब सोपा आहे. चेनरिंगच्या दात्यांना मागच्या स्प्रॉकेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राच्या) दात्यांनी भागावे आणि उत्तराला चाकाच्या परिघाने गुणावे, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते कळते. 700×28 टायरचा परिघ सुमारे 2.14 मीटर असतो. माझ्या सायकलला सुरुवातीला 44 दात्यांचे चेनरिंग आणि 11-34 कॅसेट (11 ते 34 दात्यांच्या स्प्रॉकेटांचा संच) होती, म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्येही एका फेरीला 2.77 मीटर. आरे-वारेच्या चढावर वेग ताशी 8 किलोमीटरवर आला, की पेडल मिनिटाला जेमतेम 48 फेऱ्या घेई, प्रत्येक फेरीत सगळा भार गुडघ्यांवर येई आणि शेवटच्या वळणाआधी मला उतरून सायकल ढकलावी लागे. त्याच वेगाला 40 दात्यांचे चेनरिंग आणि 42 दात्यांचे स्प्रॉकेट असेल, तर फेऱ्या 65 होतात. चेनरिंग 38 चे घेतले, तर 69.

आपल्याला किती हलका गिअर लागेल हे नेहमीच्या चढावरच मोजावे. चढाच्या मध्यावर, दम लागलेला असताना, उजवा गुडघा 15 सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणावे. आकडा 60 च्या खाली असेल, तर गिअर जड आहे असे समजावे. सामान बांधून सावंतवाडीहून आंबोली घाट चढायचा असेल, तर मी 38 च घेईन.

मोठी कॅसेट घेतली की गिअरांमधले अंतर वाढते आणि सपाटीवर पायांची लय तुटते, ही भीती अनेकांना असते. शिमानोच्या 11 स्पीडच्या 11-34 आणि 11-42 या कॅसेट शेजारी ठेवून पाहाव्यात: 11, 13, 15, 17, 19, 21 ही पहिली सहाही स्प्रॉकेट दोन्हींत सारखीच आहेत. 40 चे चेनरिंग आणि मिनिटाला 85 फेऱ्या धरल्या, तर 21 च्या स्प्रॉकेटवर वेग ताशी सुमारे 21 किलोमीटर येतो. म्हणजे त्याहून जलद जाताना दोन्हींत काहीच फरक नाही. मोठ्या उड्या आहेत त्या चढाच्या गिअरांत, आणि तेथे त्या फारशा जाणवत नाहीत.

वरच्या टोकाला 40 आणि 11 ची जोडी 90 फेऱ्यांना ताशी 42 किलोमीटर देते. सड्यावरून खाडीकडे जाणारा उतार अरुंद आणि वळणांचा असतो, तेथे याहून वेगाने पेडल मारण्याची वेळच येत नाही.

खरेदीपूर्वी मागचा डिरेलर (चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) 42 दात्यांचे स्प्रॉकेट आणि सर्वांत मोठ्या व लहान स्प्रॉकेटमधला 31 दात्यांचा फरक पेलतो का, हे उत्पादकाच्या माहितीत पाहावे. नसेल पेलत, तर त्याचाही खर्च धरावा. डिरेलर क्लचचा (चेन ताणून धरणारा) आणि चेनरिंग आलटूनपालटून जाड व बारीक दात्यांचे असावे, नाहीतर जांभ्याच्या खडबडीत रस्त्यावर चेन पडत राहते. चेन कॅसेटबरोबर नवीच घ्यावी, कारण खाऱ्या हवेत झिजलेली जुनी चेन नव्या दात्यांवरून घसरते. ती कापताना डिरेलरमधून न घालता सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटवरून आणि चेनरिंगवरून ताणून पाहावी, आणि जुळते तेथून एक आतली व एक बाहेरची कडी जास्त ठेवून मगच तोडावी.