ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका खोलीत जहाजाचं दालन लावताना

ग्वाल्हेरहून समुद्र लांब आहे, पण इथे जहाजाचं दालन लावायला ओढूनताणून कारण शोधावं लागत नाही. इथून जवळच्याच सालबाईला १७८२ मध्ये तह झाला, त्यानंतर भडोच बंदर महादजी शिंद्यांकडे आलं आणि १८०३ मध्ये सुर्जी-अंजनगावच्या तहात दौलतराव शिंद्यांना ते सोडावं लागलं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी कॅनेडियन पॅसिफिकचं ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे प्रवासी जहाज विकत घेतलं. त्याचं रुग्णालय-जहाज झालं आणि १९१५ मध्ये नाव पडलं ‘लॉयल्टी’. युद्धानंतर ते सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे गेलं. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून लंडनला निघालं, आणि त्या सफरीची आठवण म्हणून १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. १९२३ मध्ये मुंबईतच जहाज मोडीत निघालं.

कंपनीच्या नावात ‘सिंदिया’ आहे, त्यामुळे ती संस्थानाचीच होती असं अनेक पाहुणे धरून चालतात. पहिल्याच फलकावर हे स्पष्ट लिहा: कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांसोबत काढली. शिंद्यांकडून आलं ते जहाज.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पुढचं सगळं मंडळाच्या किंवा वाड्यातल्या एका खोलीत, पगारी माणूस न ठेवता, आठवड्यातून एक-दोनदा येणाऱ्या स्वयंसेवकांनी चालवायच्या दालनासाठी आहे. अशा ठिकाणी वस्तू फुटून जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त नुकसान वस्तू कुणाची, कुठून आली हे विसरल्याने होतं. आज ज्याला सगळं तोंडपाठ आहे तो पुढच्या वर्षी मुलाकडे पुण्याला जातो, आणि मागे उरतं ते बिननावाचं पितळ.

आधी नोंद, मग फडकं

वस्तू दारात आली की पुसायला घेऊ नका. आहे त्या अवस्थेत चारही बाजूंनी फोटो काढा आणि दाखल-नोंदवहीत लिहा. वही बांधीव हवी, सुट्या पानांची नको, कारण सुटं पान हरवलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. संगणकावर प्रत ठेवाच, पण मूळ म्हणजे वही. क्रमांक वर्ष, त्या वर्षातली देणगी आणि त्या देणगीतली वस्तू असा तीन भागांत द्या: २०२६.४.२ म्हणजे २०२६ मधल्या चौथ्या देणगीतली दुसरी वस्तू. सोबत माप, साहित्य, आधीच असलेली मोडतोड आणि देणाऱ्याने सांगितलेली हकीकत त्याच्याच शब्दांत. हकीकत खरी-खोटी ठरवायचं काम नंतरचं. त्या दिवशी फक्त उतरवून घ्या.

देणगीपत्राच्या दोन प्रती करा, एक दात्याकडे, एक फायलीत. ‘कायमची देणगी’ की ‘मुदतीवर उसनी’ हे त्यात लिहिलंच पाहिजे, आणि उसनी असेल तर परतीची तारीखही. तारीख नसली की वीस वर्षांनी पुतण्या वस्तू मागायला येतो, आणि त्याला नाही म्हणायला किंवा हो म्हणायला हातात कागद नसतो.

क्रमांक वस्तूवर कसा घालायचा हे साहित्यावर ठरतं. कागद आणि फोटोंच्या मागे, कोपऱ्यात, मऊ २बी पेन्सिलीने, फोटोचं तोंड कडक काचेवर ठेवून. रेघ उमटेल इतका दाब देऊ नका. कापडावर लिहू नका. सुती नाडीच्या तुकड्यावर क्रमांक लिहून तो दोन टाक्यांनी शिवा. धातू आणि रंगवलेल्या लाकडावर न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनमध्ये १५-२० टक्के पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक ॲक्रिलिक राळ) विरघळवून छोटा पट्टा लावा, वाळला की त्यावर शाईने क्रमांक, आणि वरून पुन्हा एक हात. लागलं तर ते ॲसिटोनने निघतं. मात्र वस्तूचा स्वतःचा रंग किंवा वार्निश ॲसिटोनने सुटतं का, ते आधी कापसाच्या बोळ्याने एका कोपऱ्यात पाहून घ्या. सुटत असेल तर क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधा. नेलपॉलिशने काम भागतं असं वाटतं, पण ते पिवळं पडतं आणि पापुद्र्यासारखं क्रमांकासकट गळून पडतं.

पितळ चकाकवायची हौस आवरा. बाजारात मिळणाऱ्या पॉलिशमध्ये घासणारी भुकटी असते. होकायंत्राच्या तबकडीवरची किंवा सेक्स्टंटच्या (सूर्य-ताऱ्यांचा कोन मोजायच्या उपकरणाच्या) कमानीवरची बारीक कोरीव रेघ तिने झिजते आणि खाचांत पांढरी पूड अडकून राहते. युद्धातल्या अनेक ब्रिटिश पदकांच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. सणासुदीला घासून घासून नेमकी तीच कड गुळगुळीत होते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढा, तेवढं पुरे. सेक्स्टंट उचलायचा तो चौकटीला धरून. कमानीला किंवा हलणाऱ्या दांड्याला कधीही नाही. जुन्या होकायंत्राच्या अंधारात दिसणाऱ्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. ते उघडू नका, खरवडू नका, बंद पेटीत वेगळं ठेवा आणि हाताळल्यावर हात धुवा.

हकीकत तपासणं

‘आजोबा लॉयल्टीवर होते’ असं घरातून सांगितलं जातं आणि सोबत एका जहाजाचा फोटो येतो. आधी धुराडी आणि डोलकाठ्या मोजा. दोन धुराडी, तीन डोलकाठ्या आणि पुढे झुकलेली जुन्या शिडाच्या जहाजासारखी नाळ (जहाजाचं पुढचं टोक) असेल तर शक्यता आहे, खात्री नाही. याच जहाजाच्या दोन बहिणी, ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’, जवळजवळ हुबेहूब होत्या. ‘जपान’च्या नाळेवर ड्रॅगन होता. ‘चायना’ १९११ मध्येच बुडाली, म्हणून त्यानंतरची पक्की तारीख असलेल्या फोटोत तिचा प्रश्न उरत नाही. नाव वाचता येत नसेल तर फलकावर ‘या वर्गातलं जहाज’ इतकंच लिहा.

मोडी लिपीतली पत्रं आली तर वाचून घेण्याआधी त्यांचं स्कॅन करा, ६०० डीपीआयला, टिफमध्ये. लहान फोटो १२०० ला. वाचणाऱ्या आजोबांच्या हातात छापलेली मोठी प्रत द्या, मूळ कागद नको. ते वाचत असताना रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण वाचता वाचता माणसं कोण कुणाचं, कुठल्या गल्लीतलं हे सांगत जातात आणि लिप्यंतर करताना ते पुन्हा मिळत नाही. पत्रं ज्या लाल रुमालात आली तो फेकू नका, त्यालाही क्रमांक द्या, पण पत्रं त्यात परत बांधू नका. ओल लागली की लाल रंग कागदावर उतरतो. त्याऐवजी कोरं मांजरपाट घ्या आणि खळ जाईपर्यंत दोनदा गरम पाण्यात धुवा. खळ राहिली तर कसर तिच्या वासाने येते.

नव्याने आलेलं काहीही थेट कपाटात जाऊ नये. कागद, कापड, लाकूड झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि दोन आठवडे वेगळं ठेवा. पिशवीत भुकटी किंवा मेलेले किडे दिसले तर तीच पिशवी डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव धरून कागद ओला होतो. काचेच्या निगेटिव्ह, तैलचित्रं आणि होकायंत्रं फ्रीझरमध्ये घालू नका. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ माणसांना बाधते आणि कीड मरत नाही, शेजारच्या कपाटात जाते. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून आणि जमिनीपासून किमान १५ सेंमी दूर, म्हणजे मातीची नळी वर चढताना दिसते.

ग्वाल्हेरची हवा आणि जहाजाचं मॉडेल

समुद्रकाठच्या संग्रहालयांची पुस्तकी पथ्यं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तिथे त्रास खारट ओलीचा. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा सुकून जाते, आणि जुलैत तीच खोली घामट होते. वस्तूंना मारतो तो हा झोका. त्यात दालनात कूलर लावला की झोका रोजचा होतो: सकाळी कोरडं, दुपारी दमट, कुलूप लावलं की पुन्हा कोरडं. कूलर पाहुण्यांच्या खोलीत ठेवा, वस्तूंच्या नको. दालनात पंखा, जाड पडदे, दुपारी बंद खिडक्या, आणि भिंतीवर एक डिजिटल आर्द्रतामापक. त्याचे आकडे नोंदवहीत लिहिण्याचं काम दार उघडणाऱ्याचं.

‘लॉयल्टी’चं मॉडेल कराल तर प्रमाण आधी ठरवा. मूळ जहाज ४५५.६ फूट लांब आणि ५१.२ फूट रुंद. १:१०० ला ते जवळजवळ १.३९ मीटर होतं आणि जिन्यातून वर जात नाही. १:२०० ला ६९ सेंमी लांब, ८ सेंमीहून थोडं कमी रुंद. खोलीसाठी हेच बरं. रंग प्रवासी काळातला द्या: पांढरं अंग, पिवळसर धुराडी. रुग्णालय-जहाजाचा पट्टा अंदाजाने रंगवू नका. १९०७ च्या हेग करारानुसार सरकारी रुग्णालय-जहाजांना हिरवा आणि खासगी मदतीच्या जहाजांना लाल पट्टा असे, आणि कृष्णधवल फोटोत लाल-हिरवं ओळखू येत नाही.

मॉडेलच्या दोरखंडांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. सुती किंवा तागाचा दोरा कोरड्या हवेत सैल पडतो आणि ओल्या हवेत आखडतो. मे महिन्यात दोर लोंबताना दिसले की कुणीतरी उत्साहाने ते ताणून बांधतं. ऑगस्टमध्ये तेच दोर आखडून डोलकाठी वाकवतात, बारीक असेल तर मुळातून मोडतात. उन्हाळ्यात सैल दिसू द्या. दुरुस्ती करायची तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असताना, आणि तीही फक्त तुटलेल्या दोराची.

मॉडेलची पेटी काचेची किंवा ॲक्रिलिकची, चौकट ॲल्युमिनियमची. कोऱ्या प्लायवूडमधून आम्लाची वाफ येत राहते. मॉडेलवर शिशाचे नांगर किंवा लहान होड्या असतील तर त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि आकारच विरघळून जातो. प्लाय वापरावंच लागलं तर आतून ॲल्युमिनियम फॉइल लावा. पेटीला रंग दिला तर चार आठवडे उघडी ठेवा. महिन्याने झाकण उचलताच आंबूस वास आला तर मॉडेल बाहेर काढा.

तळाशी जाळीखाली सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे. संग्रहालयांचा ठोकताळा घनमीटरला २० किलोचा. ८५ × ३० × ४० सेंमीच्या पेटीत जवळपास ०.१ घनमीटर हवा असते, म्हणजे २ किलो. रंग बदलणारी जेल निळी नको, नारिंगी घ्या. निळीत कोबाल्ट असतं. भट्टीतून काढलेली कोरडी जेल लगेच पेटीत घातली तर आतली हवा वाळवंटासारखी होते आणि फळ्यांचे सांधे उघडतात. ती ताटांत पसरून ऑक्टोबरच्या खोलीत दोन-तीन आठवडे ठेवा, मग घाला.

प्रकाश कागद आणि फोटोंवर ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक), एलईडीचा. मूळ फोटो पेटीत, भिंतीवर प्रत. फलक मराठी आणि हिंदी दोन्हींत, प्रत्येकी ६०-७० शब्द, किमान २४ पॉइंट, मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर. मुलांसाठीचा मजकूर खाली उतरवा.

दालन उघडायला ५ एप्रिल सोयीचा पडतो: गुढीपाडवा आसपासच असतो, मराठी घरं एकत्र येतात, आणि ऊन अजून सहन होतं. त्या दिवशी लोक पिशव्यांतून वस्तू घेऊन येतात, म्हणून दाराशीच नोंदवहीचं टेबल आणि देणगीपत्रं मांडा. वस्तू ‘नंतर लिहू’ म्हणून कुणाच्या हातातून घेऊ नका.

पावसाळ्याआधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, गच्चीची पन्हाळी मोकळी करा आणि गळक्या जागेखाली येणारं कपाट हलवा. तरीही काही भिजलंच तर ४८ तासांच्या आत हालचाल हवी, त्यानंतर बुरशी धरते. ओले कागद वेगळे ओढू नका. गठ्ठा तसाच पांढऱ्या टिपकागदावर ठेवून कागद बदलत राहा, पंखा खोलीत फिरता ठेवा पण थेट त्यावर नको. एकमेकांना किंवा काचेला चिकटलेले फोटो सोडवायचा प्रयत्न करू नका. पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि जाणकार मिळेपर्यंत तिथेच राहू द्या. उन्हात काहीही वाळवू नका. कपाटांच्या किल्ल्यांचे दोन जुडगे दोन वेगवेगळ्या घरी असू द्या, कारण पाणी शिरतं ते बहुधा रात्री.