बुरशीच्या विषाची रचना कशी वाचावी

मी नागपुरात बीएस्सीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. फळ्यावर बुरशीच्या विषाची रचना काढली की मुलं पाठ करायला बसतात. पाठ करू नका. बर्डीच्या बाजारातून ट्रेसिंग पेपर आणि लाल पेन आणा.

रचना पेन्सिलीने काढा आणि तिच्यातली झोंबणारी जागा शोधून लाल गोल करा. मग ती जागा खोडून बघायचं: विष उरतं का?

सुरुवात ग्लायोटॉक्सिनपासून करा. ते अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस बनवते, कुजक्या पालापाचोळ्यात वाढणारी बुरशी. वलयावर दोन गंधकांचा आडवा पूल दिसेल. हा पूल उघडून प्रथिनांतल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाला चिकटतो. मग मॅक्रोफेजला, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला, ते नीट गिळता येत नाहीत आणि पेशीला लढायला उठवणारं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन दबतं. आता पूल खोडा, दोन्ही गंधकांवर मिथाइल (एक कार्बन, तीन हायड्रोजन) बसवा. विषाची धार गेली! बुरशीकडे स्वतःकडेच हे करणारं विकर (एन्झाइम) आहे, हे मला दरवर्षी नव्याने थक्क करतं.

दुसरं डीऑक्सिनिव्हॅलेनॉल, गहू-मक्यावरच्या फ्युझेरियम बुरशीचं. १२ आणि १३ क्रमांकाच्या कार्बनवर ऑक्सिजनचा ताणलेला त्रिकोण आहे, तो गोल करा. हे विष पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला अडकतं आणि प्रथिनं बनणं थांबतं. त्रिकोणातला ऑक्सिजन काढला की विषारीपणा जवळजवळ संपतो. गाईच्या पोटातले जिवाणू नेमकं तेच करतात, म्हणून गाईला जे सोसतं ते डुकराला बाधतं. शेजारी मात्रा मात्र लिहाच: थोड्या विषाने पांढऱ्या पेशी उलट चवताळून दाहाचे संदेश सोडतात, जास्त झालं तर मरतात.

अफ्लाटॉक्सिन बी-१ शेवटी घ्या, कारण इथे मुलं हमखास चुकतात. बी-२ मध्ये फक्त दोन हायड्रोजन जास्त, तरी ते कितीतरी सौम्य. बी-१ च्या टोकाच्या वलयातला दुहेरी बंध लाल करा, पण तो थेट डंख मारत नाही. यकृतातली विकरं त्याचा इपॉक्साइड, म्हणजे तसाच ऑक्सिजनचा त्रिकोण, करतात; तो डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला चिकटतो. म्हणून कागदावर बाण काढून यकृत लिहा.

मी वर्गात श्रावणातला एक शेंगदाणा बंद बरणीत नेते: सालीच्या भेगेत अफ्लाटॉक्सिन बनवणाऱ्या बुरशीची हिरवट-पिवळी भुकटी. असे दाणे घरी दिसले तर फेकून द्या. भाजून हे विष पुरतं जात नाही.