सारखं परदेशात जाणं-येणं असेल तर मोबाईलचा प्लॅन कसा निवडायचा

आयएसडी आणि रोमिंग एकच समजून लोक पॅक मारतात आणि मग बिल बघून कपाळाला हात लावतात, म्हणून आधी तेवढं क्लिअर करून घ्या. पुण्यात बसून न्यू जर्सीच्या बहिणीला फोन लावला तर ते आयएसडी. दुबईत उतरलात आणि पुण्याचंच सिम वापरताय तर ते रोमिंग. एकाचा पॅक दुसऱ्याला चालत नाही.

आयएसडी पॅकची आता किती जणांना गरज पडते देव जाणे, घरच्यांशी गप्पा व्हॉट्सॲपवरच होतात, पण तिकडच्या ऑफिसला नाहीतर लँडलाइनला वरचेवर फोन असेल तर घ्या. बघायचं एवढंच की बऱ्याच देशांत लँडलाइनचा रेट वेगळा आणि मोबाईलचा वेगळा असतो. आणि +१ दिसलं म्हणजे अमेरिका-कॅनडाच असं नाही, जमैकाही त्याच कोडात येतं, ते पॅकमध्ये असेलच असं नाही. अनोळखी परदेशी नंबरचा एका रिंगचा मिस्ड कॉल आला तर उलट फोन अजिबात लावू नका.

खरी डोकेफोड रोमिंगची. सगळे आधी जीबी बघतात, मी म्हणतो आधी देशांची यादी बघा. युरोप लिहिलंय म्हणून स्वित्झर्लंड आत आहे असं धरून चालू नका, नाव वाचा. मधे दोह्याला विमान बदलताय तर कतारही यादीत हवं, नाहीतर तिथे फोन एअरप्लेन मोडवरच ठेवायचा. मग मिनिटं: रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला तरी मिनिटं खर्च होतात, आणि बहुतेक पॅकमधली आउटगोइंग मिनिटं त्या देशात आणि भारतात बोलायलाच असतात, दुबईतून लंडनला लावलात तर वेगळा मीटर. पॅकचा दिवस कधी सुरू होतो, पॅक मारल्यापासून की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून, हेही कस्टमर केअरला विचारून घ्या. क्रूझवर आणि विमानात सॅटेलाइटचं नेटवर्क असतं, ते साध्या पॅकमध्ये सहसा नसतं आणि महाग म्हणजे फारच महाग.

देशागणिक हिशोब बदलतो. यूएईमध्ये लोकल सिमवर किंवा हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप कॉल लागत नाहीत, मेसेज जातात पण कॉल नाही, त्यामुळे तिथे साध्या कॉलची मिनिटं भरपूर लागतात, नाहीतर बोटिमसारखं तिथे चालणारं ॲप दोन्हीकडे टाकून ठेवायचं. चीनमध्ये उलटं, लोकल सिमवर गूगल-व्हॉट्सॲप बंद, पण भारतीय सिमच्या रोमिंगचा डेटा सहसा आपल्याच कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो म्हणून चालतं, तिथे मी तरी महागडा रोमिंग पॅकच घेईन. युरोपात जास्त दिवस राहणार असाल तर लोकल सिम घ्या, १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्यात घरच्याच रेटने चालतं (स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, आणि ब्रिटनही आता नाही). अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, त्यामुळे जुना फोन नेताय तर तिथल्या नेटवर्कवर व्होल्टी (म्हणजे फोरजीवरून कॉल लावायची सोय) चालतं का ते आधी तपासा, नाहीतर नेट येईल आणि कॉल लागणार नाही.

वरचेवर जाणाऱ्यांनी माझ्या मते एकच सेटिंग पक्कं करून टाकावं. भारतीय सिम फोनमध्येच राहू द्यायचं, फक्त ओटीपी आणि अडीअडचणीच्या कॉलसाठी, आणि डेटासाठी दुसरं लोकल सिम किंवा ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम). भारतीय सिमचं इंटरनॅशनल रोमिंग निघायच्या आधीच चालू करून घ्या पण त्याचं डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि आयफोनवर एका सिमचं नेटवर्क कमी पडलं की डेटा दुसऱ्यावर आपोआप जायचं जे सेटिंग असतं तेही बंद करा, गुपचूप पैसे तिथूनच जातात. ई-सिम घरच्या वायफायवरच टाकून ठेवा, एअरपोर्टवर नेट शोधत बसू नका. बऱ्याच ट्रॅव्हल ई-सिममध्ये नुसता डेटा असतो, नंबर मिळत नाही. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू राहतं, नंबर बदलायचा का असं विचारलं तर नाही म्हणा.

आता ओटीपीचं. प्रीपेडचा रिचार्ज परदेशात असताना संपला आणि मेसेज येणं थांबलं की बँकेचं सगळं अडकतं, म्हणून परत यायच्या तारखेपुढची व्हॅलिडिटी मारून जा. डेटा नको असेल तर नुसते कॉल-एसएमएसवाले पॅक आता मिळतात, ट्रायने (टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना ते ठेवायला लावले आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत नेली. लांब जाणार असाल तर प्रीपेडमध्ये वीसेक रुपये बॅलन्स राहू द्या, ९० दिवस सिम वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, पण २० रुपये असले की ते कापून आणखी ३० दिवस मिळतात.