चेंडू मोजायची वही

पाऊस उघडतो, मैदानं वाळतात आणि पुण्यात सगळं एकदमच सुरू होतं. शाळेच्या स्पर्धा, क्लबच्या मॅचेस, ॲकॅडमीचे सराव सामने आणि वर सोसायटीची रविवारची टुर्नामेंट. चार महिने टर्फवर पाऊल न टाकलेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पहिल्याच आठवड्यात चार जणांसाठी बोलिंग टाकतो, कारण फास्ट बोलर सगळ्यांनाच हवा असतो. एमसीएच्या, म्हणजे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या वयोगटातून रणजीपर्यंत आणि तिथून वर जायचं असेल, तर या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हा ऑक्टोबर नीट पार पाडा.

सीम कशी धरायची, आउटस्विंगला ती कुणीकडे रोखायची, सहा-सात मीटरची लेंग्थ कशी ओळखायची, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी बोलणार आहे ते कमरेबद्दल.

एक साधा हिशोब मांडू. सप्टेंबरमध्ये छताखालच्या नेटमध्ये आठवड्यातून दोनदा, दर वेळी 40 बॉल. म्हणजे आठवड्याचे 80. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मंगळवारी आणि गुरुवारी नेटमध्ये प्रत्येकी 72, शनिवारी शाळेसाठी 10 ओव्हर, रविवारी क्लबसाठी 12. बेरीज 276. शरीराला 80 ची सवय होती, तुम्ही साडेतीन पटींच्या आसपास गेलात. आणि यात वॉर्मअपचे बॉल धरलेलेच नाहीत. संध्याकाळी खाली टेनिस बॉलने टाकलेल्या चार ओव्हरही नाहीत. टेनिस बॉल हलका असतो म्हणून तो मोजायचा नाही, हा गैरसमज आधी काढून टाका. हातात 160 ग्रॅमचा लेदर असो की साठ ग्रॅमचा टेनिस, पुढचा पाय जमिनीवर आदळतो तो तुमच्याच वजनाने. त्या क्षणी वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त जोर पायातून वर जातो, आणि त्याच वेळी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला झुकलेली आणि पिळलेली असते.

हा जोर मणक्याच्या खालच्या टोकाला, कमरेच्या चौथ्या-पाचव्या (लंबर) मणक्याच्या मागच्या हाडाच्या अरुंद पट्टीवर येतो. राइट आर्म बोलरचं हाड बहुधा डाव्या बाजूला तडकतं, लेफ्ट आर्मचं उजव्या. विशीच्या सुरुवातीपर्यंत ही पट्टी पुरती पक्की झालेली नसते. भार वाढला की हाड स्वतःला बळकट करतं, पण आधी जुना थर काढतं आणि मग नवा भरतं. त्यामुळे भार वाढल्यावरचे पहिले काही आठवडे ते उलट कमजोर असतं. नेमक्या याच आठवड्यांत आपण टुर्नामेंटची फायनल खेळत असतो.

म्हणूनच सापळा लक्षात येत नाही. ऑक्टोबरच्या त्या 276 बॉलनंतर काहीच दुखत नाही. उलट लय सापडली, वेग वाढला असं वाटतं. दुखणं येतं तीन-चार आठवड्यांनी, दिवाळीच्या आगेमागे. मग पोरगा आठवतो कालचा दिवस: काल जास्त टाकली, काल नीट झोपलो नाही, लचक भरली असेल. तेल चोळतात, पट्टा बांधतात, स्प्रे मारून पुढची मॅच खेळवतात. चूक महिन्यापूर्वी झालेली असते, आणि टाकलेला प्रत्येक बॉल लिहिलेली वही नसेल तर ती कुणालाच सापडत नाही. ऑक्टोबर आला की मला आजही आधी ही वही आठवते.

वही शंभर पानी पुरे. पाच रकाने: तारीख, टाकलेले सगळे बॉल, खाली टर्फ होतं की मॅटिंग की सिमेंट, दहापैकी किती जोर लावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर कशी होती. शेवटचा रकाना रात्री भरू नका. सकाळी उठून एका पायावर उभं राहा, हळू मागे वाका, मग दुसऱ्या पायावर. बोलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी टोचलं तर तो दिवस बोलिंगचा नाही. दोन-तीन सकाळी तसंच झालं तर ऑर्थोपेडिक डॉक्टरकडे जा आणि फास्ट बोलर आहे हे आधी सांगा. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा ताण बहुतेक वेळा दिसतच नाही. 'एक्स-रे क्लिअर आहे, खेळ' हे वाक्य ऐकून मैदानात परतलेल्यांचीच ही पट्टी पुढे तडकते. एमआरआयबद्दल विचारा, खर्चिक आहे तरी विचारा. पेनकिलर घेऊन बोलिंग टाकू नका. कधीच नाही. कोच म्हणाला तरी नाही.

भार वाढवायचा कसा? 80 वरून आठवड्याला वीस-पंचवीस बॉल चढवा: 105, 130, 155, 180, 205. म्हणजे ऑक्टोबरात 200 टाकायचे असतील तर गणपतीची वाट न पाहता ऑगस्टच्या शेवटी छताखाली सुरुवात करावी लागते. दर चौथ्या आठवड्याला थोडं खाली या. एका दिवसाच्या मर्यादेसाठी इंग्लंडच्या बोर्डाचे आकडे हाताशी ठेवा: 13 वर्षांखाली एका स्पेलला (म्हणजे एका दमात) 5 ओव्हर आणि दिवसाला 10, 14 आणि 15 वर्षांखाली 6 आणि 12, त्यानंतर 19 वर्षांखालीपर्यंत 7 आणि 18. सलग दोन दिवसांहून जास्त बोलिंग नको. आपल्याकडे हे कुणी मोजत नाही, कारण शाळेला क्लबचं माहीत नसतं आणि क्लबला ॲकॅडमीचं. मोजणारे तुम्हीच. ही वही घेऊन कोचसमोर उभं राहायला संकोच वाटतो, मान्य आहे. तरी उभं राहा.

पुण्यापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी: ढोल. जुलैपासून नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो आणि बोलिंग टाकणारी धट्टीकट्टी पोरं तिथे हमखास असतात. कमरेला बांधलेला ढोल पुढे ओढतो म्हणून तासन् तास कंबर मागे ताणून उभं राहावं लागतं. तीच पट्टी, तोच ताण, तोही सीझनच्या तोंडावर. पथक सोडा असं म्हणवत नाही. ध्वज घ्या, ताशा घ्या; वाढत्या वयात ढोल मात्र नको.

आता ॲक्शन. साइड-ऑन (अंगाची बाजू फलंदाजाकडे) चांगली की फ्रंट-ऑन (छाती फलंदाजाकडे), यावर वाद घालणाऱ्यांपासून दूर राहा, दोन्ही चालतात. धोका मिक्स्ड ॲक्शनचा आहे, म्हणजे कंबर फलंदाजाकडे उघडी आणि खांदे मात्र साइड-ऑन. फोन मागे, स्टम्पच्या रेषेत, कमरेच्या उंचीवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये शूट करा. दोनच फ्रेम थांबवून बघा: मागचा पाय टेकला ती आणि पुढचा टेकला ती. मागचा पाय टेकताना खांदे आणि कंबर एकाच दिशेला हवेत. या दोन फ्रेमच्या मध्ये खांदे आणखी मागे पिळले जात असतील, साधारण तीस अंशांच्या वर, तर ॲक्शन दुरुस्त करायलाच हवी. पण ऑफ सीझनमध्ये, जूनच्या पावसात, छोट्या रनअपने, महिनोन् महिने. भर सीझनमध्ये आठ दिवसांत ॲक्शन बदलून देतो म्हणणारा कोच मला तरी विश्वासाचा वाटत नाही. वेग वाढवायचे 'सिक्रेट' वजनदार बॉल विकणाराही नाही. चांगला गुरू ओळखायची माझी खूण एकच: तो 'किती वेगाने टाकलास' याआधी 'या आठवड्यात किती टाकलेस' हे विचारतो.

कमरेचं निदान झालं म्हणजे करिअर संपलं, असं बिलकुल नाही. पॅट कमिन्सने नोव्हेंबर 2011 मध्ये जोहान्सबर्गला अठराव्या वर्षी पहिली कसोटी खेळली, दुसऱ्या डावात 6 बळी घेतले, आणि पुढची कसोटी खेळला ती थेट मार्च 2017 मध्ये रांचीला. मधली पाच वर्षं बरीचशी पाठीच्या दुखापतींनी खाल्ली. पुढे तोच ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. बुमराची पाठ 2019 मध्ये गेली, 2023 च्या मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ऑगस्टमध्ये तो आयर्लंडला बोलिंग टाकत होता. तुमचं हाड भरायला साधारण चार ते सहा महिने लागतील, कधी जास्तही. दुखणं थांबतं लवकर, हाड भरतं उशिरा. परत तुटतं ते या मधल्या काळात. परतताना आधी चालत, मग तीन पावलांवरून, मग अर्ध्या रनअपने, एक दिवसाआड, आणि बॉल पुन्हा वहीत.

हाड खाण्यावरही उभं असतं. वडापाव खाऊन नेटला आणि नेटवरून क्लासला, असा दिवस असेल तर ताण आणखी वाढतो. अंडी, दूध, उसळ, सोयाबीन घरचंच आहे, फक्त पुरेसं खा. व्हिटॅमिन डी एकदा तपासून घ्या. मुलींनी पाळी अनियमित झाली तर ते दुखण्याइतकंच गंभीर धरावं, कारण हाडं कमजोर होत असल्याची ती खूण असू शकते.

पुढची स्पर्धांची शिडी सगळ्यांना माहीत आहे: 16 वर्षांखाली विजय मर्चंट ट्रॉफी, 19 खाली विनू मंकड आणि कूचबिहार, 23 खाली सी. के. नायडू, मग रणजी. 16 खालीला मनगटाच्या एक्स-रेने वय तपासतात, तेव्हा दाखल्यात फेरफार करून देणाऱ्याला दारात उभं करू नका. पैसे घेऊन निवड करून देतो म्हणणाराही त्याच जातीचा. कमाईचं म्हणाल तर 2021 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 20 पर्यंत सामने झालेल्या रणजी खेळाडूला अकरात असेल तर दिवसाला 40 हजार रुपये मिळतात. तिथे पोचतात थोडे. कॉलेज सोडू नका. रेल्वे, पोलिस यांचा स्पोर्ट्स कोटा हा मानाचा रस्ता आहे, हरल्याची खूण नव्हे.

ट्रायलला तुमच्या वाट्याला दहा-बारा बॉल येतात, त्यातले दोन नो बॉल गेले तर उरतं काय? रनअप पावलांनी मोजू नका, टेपने मोजा. क्रीजवरून उलट्या दिशेला मोकळं पळा, आतून वाटेल तिथे बॉल टाका, पुढचा पाय पडला तिथे मित्राला खूण करायला सांगा. असं दहा वेळा. खुणा जिथे दाटीने पडतात तो तुमचा रनअप. मीटर-सेंटिमीटरमध्ये वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या बुटाला अंगठ्यापाशी भोक पाडून घ्या, नाहीतर लँडिंगला नख काळं होतं. मैदानावर चुन्याची रेघ नसेल तर स्वतः ओढा. वीस मिनिटं वॉर्मअप, पहिले सहा बॉल अर्ध्या जोराने बाजूला कुठेतरी टाकून घ्या, मग नाव पुकारल्यावर पहिला बॉल ऑफ स्टम्पच्या टोकावर, पूर्ण जोराने. आणि घरी आल्यावर ते सहाही धरून सगळे बॉल वहीत लिहा.