कठीण काळात विश्वास धरून राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय

आधीच सांगून टाकतो, मी पाळक नाही आणि बायबल कॉलेजचं तोंडही पाहिलेलं नाही. आईच्या आजारपणात १४ महिने गेले, त्यात मधेच माझी नोकरी गेली, आणि त्या सगळ्या काळात मला जे सल्ले मिळाले त्यातले निम्मे "विश्वास ठेव, प्रभू बघून घेईल" या टाइपचे होते. बोलणारे प्रेमानेच बोलत होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ठेव म्हणजे कसा ठेवू, सकाळी उठल्यावर पहिलं काय करू, हे कोणी सांगत नव्हतं. मला जे उपयोगी पडलं ते लिहितोय, जमेल ते घ्या बाकी सोडा.

माझं म्हणणं थोडं उलटं वाटेल. वाईट काळात आपण विश्वास मोठा करायला जातो, जास्त उपास, रात्रभर प्रार्थना, अख्खं बायबल वाचून काढायचा प्लॅन, आणि चौथ्या दिवशी सगळं कोसळतं आणि वरून अपराधी वाटतं ते वेगळंच. त्यापेक्षा विश्वास छोटा करा. अंगात ताकद आहे तेवढाच, पण रोजचा.

पहिली गोष्ट, झोपा आणि खा

हसू नका, हे बायबलमधलंच आहे. १ राजे १९ वा अध्याय काढा. एलीया संदेष्टा, ज्याने आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिला, तो ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. आणि देव काय करतो? रागावत नाही, वचन ऐकवत नाही, एवढं पाहूनही तुझा विश्वास कमी कसा पडला असं विचारत नाही. एलीया झोपतो. देवदूत येऊन त्याला हलवून उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत परत येतो, परत खायला लावतो, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही म्हणतो. देवाशी बोलणं वगैरे सगळं त्यानंतर, ४० दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

म्हणजे दोन दिवस जागरण झालेलं असताना "मला देवाची जवळीक का जाणवत नाही" असा विचार करत बसू नका, आधी झोप काढा, मग विचारा. आणि एलीयासारखं मरून जावंसं वाटत असेल तर ते मनात दाबून ठेवू नका, त्याच दिवशी एखाद्या जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा. औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, आणि तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर प्रेषित पौलाने त्याला नुसतं प्रार्थना कर असं नाही लिहिलं, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं.

प्रार्थना जमत नसेल तेव्हा

मला वाटायचं प्रार्थना म्हणजे आधी आभार, मग स्तुती, मग हळूच मागणं. आभार मानायला तोंडच उघडत नव्हतं तर मी प्रार्थनाच बंद केली. चूक तिथे झाली. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश सरळसरळ रडगाणी आहेत, हे मला इतकी वर्षं चर्चला जाऊन माहीत नव्हतं, कारण उपासनेत आपण बहुतेक वेळा आनंदाचीच निवडतो.

१३ वं स्तोत्र घ्या, फक्त सहा ओव्या. सुरुवातीलाच चार वेळा "कुठवर?" कुठवर विसरणार, कुठवर तोंड लपवणार. मग मागणं, माझ्याकडे बघ, मला उत्तर दे. आणि शेवटी एक छोटासा "तरी". याच साच्यात स्वतःची प्रार्थना लिहा, चार ओळी पुरे. देवाला हाक मारा, काय दुखतंय ते नावानिशी सांगा (आशीर्वाद दे वगैरे मोघम नको, घरभाडं, रिपोर्ट, भावाचं न बोलणं, जे असेल ते), काय हवंय ते मागा, आणि शेवटचा "तरी" मनापासून येत नसेल तर लिहू नका, जागा रिकामी ठेवा. मी वहीत बरेच दिवस ती ओळ कोरीच सोडायचो.

आणि तो "तरी" अजिबातच येत नसेल तर ८८ वं स्तोत्र आहे. एका रात्री आईला आत नेलेलं, मी बाहेर त्या स्टीलच्या थंडगार खुर्चीवर, फोनची बॅटरी ९ टक्के, आणि काहीतरी वाचायचं म्हणून स्क्रोल करता करता ते उघडलं. शेवटपर्यंत वाट बघत होतो की आता कुठेतरी वळण येईल, आता स्तुती येईल. येत नाही. स्तोत्र अंधारावरच संपतं, मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच अंधार. मी दोनदा खाली ओढून बघितलं, पान पूर्ण लोड झालं नाही की काय म्हणून. आणि मग एकदम हलकं वाटलं, कारण हे असलं बोलणं कोणीतरी देवासमोर बोललं होतं आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं, कोणी कापून टाकलं नाही. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. आपण त्याच्यापेक्षा जास्त पवित्र भाषा वापरायची गरज नाही.

शब्दच सुचत नाहीत अशा दिवसांसाठी एक छोटं वाक्य पाठ करून ठेवा. शतकानुशतकं ख्रिस्ती लोक "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" एवढंच श्वासाबरोबर म्हणत आले आहेत. किंवा मार्कच्या शुभवर्तमानातल्या ९ व्या अध्यायातल्या त्या बापाचं, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक. मुलगा आजारी असलेला माणूस अर्धवट विश्वासाने बोलला आणि येशूने त्याला आधी पूर्ण विश्वास घेऊन ये असं सांगून परत पाठवलं नाही.

रोजचं एक ठरलेलं काम

डीट्रिक बॉनहॉफर हा जर्मन पाळक, हिटलरच्या विरोधात उभा राहिला. ५ एप्रिल १९४३ ला त्याला अटक झाली आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात टाकलं. तिथे तो रोज स्तोत्रं वाचायचा, आधीपासूनची सवयच होती ती. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुरुंगात गेल्यावर त्याने नवीन काही शोधलं नाही, बाहेर जे करत होता तेच आत चालू ठेवलं. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली, म्हणजे विश्वास ठेवला आणि सुटला अशी ही गोष्ट नाही, ते लपवून सांगण्यात अर्थ नाही.

तर एकच गोष्ट निवडा. सकाळी चहाच्या आधी एक स्तोत्र, किंवा रात्री दिवा बंद करताना प्रभूची प्रार्थना. वेळ रोज तीच ठेवा, कारण वाईट काळात "कधी करू" हा निर्णय घ्यायलाही डोकं जागेवर नसतं. चुकला एखादा दिवस तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, ज्या दिवसाचं त्या दिवसाला पुरे.

वचनांची स्टेटसं आणि यिर्मयाचं पत्र

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ तुम्हाला कोणीतरी पाठवलंच असेल, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. मलाही आलं, एका आठवड्यात पाच जणांकडून, एकात तर मागे धबधबा होता. वचन खरंच आहे, पण त्याच्या मागचं पुढचं वाचा. हे पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला, घरदार सुटून बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना. त्याच्या आदल्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा सांगत असतो, दोन वर्षांत सगळं पूर्वीसारखं होणार, आणि लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो ७० वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्यातले बहुतेक जण परत जाणारच नव्हते. आणि तोपर्यंत काय करा? घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला आणून टाकलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

मला विचाराल तर अख्ख्या बायबलमध्ये कठीण काळात कसं राहायचं याचं यापेक्षा प्रॅक्टिकल उत्तर नाही. "हे संपलं की मग जगायला लागू" हे सोडा. आजार चालूच राहणार असेल तर आजारातलं घर लावा. मी इतके महिने वाढदिवस, मित्र, सगळं पुढे ढकलत होतो, हे पत्र नीट वाचल्यावर एक कुंडी आणून आईच्या खिडकीत ठेवली. किरकोळ गोष्ट आहे, पण रोज पाणी घालावं लागायचं.

आणि मनासारखं नाही झालं तर? दानीएल ३ मध्ये भट्टीसमोर उभे असलेले शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणतात, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. या दोन्ही वाक्यांत विश्वासच आहे. आपण पहिलंच वाक्य तेवढं पाठ करतो.

सगळंच सहन करायचं नसतं

यावर जरा स्पष्ट बोलतो कारण इथे खूप नुकसान होतं. आपला वधस्तंभ उचल असं सांगून लोकांना मारहाणीच्या घरात परत पाठवलेलं मी पाहिलंय. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला मध्यरात्री गाणी गातात ते सगळ्यांना माहीत आहे, पण सकाळी काय झालं ते कोणी सांगत नाही. अधिकारी निरोप पाठवतात, सोडून द्या त्यांना, आणि पौल म्हणतो, नाही. आम्ही रोमन नागरिक, चौकशीशिवाय चारचौघांत फटके मारलेत आणि आता गुपचूप घालवताय? स्वतः येऊन बाहेर काढा. आणि त्यांना यावं लागलं. तोच पौल दिमिष्कात (म्हणजे दमास्कसमध्ये) जिवावर बेतल्यावर रात्री टोपलीत बसून तटावरून खाली उतरला आणि निघून गेला. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरीया मिसरला (इजिप्तला) पळाले. तेव्हा तुमच्यावर हात उचलला जात असेल तर सुरक्षित ठिकाणी जा, तक्रार करा, कायद्याची मदत घ्या. क्षमा करणं आणि परत त्याच्या हातात सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑफिसात खोटं करायला लावतात, घरच्यांना तुमचा विश्वास मान्य नाही, असल्या रोजच्या दबावात दानीएलच्या पहिल्या अध्यायातली युक्ती वापरून बघा. बाबेलच्या दरबारात आणलेला दानीएल राजाच्या ताटातलं अन्न नको म्हणून भांडत नाही. आधी खोजांच्या सरदाराला विनंती करतो, तो घाबरतो, कारण मान त्याची जाणार असते. मग दानीएल खालच्या कारभाऱ्याला म्हणतो, दहा दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी देऊन बघ, मग तूच ठरव. समोरच्याची भीती ओळखली आणि नकाराबरोबर दुसरा रस्ता दिला. मला एकदा तारखा मागे टाकून कागद बनवायला सांगितले होते. मी लेक्चर नाही दिलं, म्हटलं सर खऱ्या तारखेने आज रात्री बसून करून देतो, उशिराचं कारण मी स्वतः लिहितो. त्या वेळी चाललं. दर वेळी चालेलच असं नाही.

माणसं

येशूने गेथशेमाने बागेत तिघांना जवळ घेतलं आणि म्हणाला इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले, पण मागितलं तर त्याने. मार्क २ मधला पक्षाघाती बघा, चौघांनी उचलून आणला, छप्पर उसकटून खाली सोडला, आणि तिथे लिहिलंय की येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. स्वतःचा संपला असेल त्या दिवशी दुसऱ्याच्या विश्वासावर झोपून राहायला हरकत नाही. उपासनेत गाता येत नसेल तर मागच्या बाकावर बसा, बाकीचे गातील.

आणि तुम्ही भेटायला जाणारे असाल तर सगळं गमावून बसलेल्या ईयोबाच्या मित्रांचं लक्षात ठेवा. पहिले सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि घोळ झाला.

मदत मागताना मात्र मोघम मागू नका. २ तीमथ्यच्या चौथ्या अध्यायात पौल तुरुंगात आहे, देमास सोडून गेलाय, जवळ एकटा लूक, आणि एवढा मोठा प्रेषित लिहितो काय, तर त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण. आणि हिवाळ्याआधी ये. वस्तू कोणती, कोणाकडे आहे, कधीपर्यंत हवी, सगळं सांगितलं. "प्रार्थनेत आठवण ठेवा" असा मेसेज टाकून थांबू नका. एका माणसाला लिहा, गुरुवारी संध्याकाळी ६ ते ८ आईजवळ बसशील का, मला झोपायचंय.