प्लास्टिक स्वतःच चमकतंय का ते आधी बघा

कॉलेजच्या लॅबसाठी छोटासा फ्लुओरोमीटर, म्हणजे उजेड मारल्यावर द्रावण किती चमकतं ते मोजणारं यंत्र, जुळवत होतो, निळी एलईडी, काटकोनात उजेड मोजणारा फोटोडायोड आणि त्याच्यापुढे हिरवा फिल्टर, एवढंच. कुव्हेटमध्ये, म्हणजे द्रावण ठेवायच्या छोट्या पारदर्शक डबीत, नुसतं डिस्टिल्ड वॉटर, तरी रीडिंग काही खाली यायला तयार नाही. दोन दिवस फिल्टरला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून कुव्हेटच उचलून बाजूला ठेवली तर रीडिंग निम्म्यावर आलं, म्हणजे अर्धा चोर कुव्हेट होती आणि अर्धा अजून आतच बसलेला.

कुव्हेट पॉलिस्टायरिनची होती, स्वस्तातली. पॉलिस्टायरिनमध्ये बेंझिनच्या रिंगा ठासून भरलेल्या, अशा रिंगा यूव्ही खातात आणि जास्त तरंगलांबीचा उजेड परत सोडतात, आणि कणभौतिकीवाले तर याच गुणासाठी पॉलिस्टायरिनमध्ये चमकणारा रंग म्हणजे डाय घालून सिंटिलेटर, म्हणजे कण आदळला की चमकणारं प्लास्टिक, बनवतात! पॉलिकार्बोनेट आणि पाण्याच्या बाटलीचं पेट, दोघांतही रिंगा आहेतच, त्यामुळे तेही टाळलेलेच बरे. ज्यांत बेंझिनच्या रिंगा नाहीत ते सहसा शांत असतात: अ‍ॅक्रिलिक, पीडीएमएस म्हणजे एक पारदर्शक सिलिकॉन रबर, आणि सायक्लिक ओलेफिनवाले प्लास्टिक म्हणजे सीओसी आणि सीओपी, टोपास, झिओनेक्स, झिओनॉर या नावांनी मिळतात ते. माझी पहिली पसंती सीओपी, पण खिशाला परवडायला हवं ना.

अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि मस्त, फक्त दुकानातल्या शीटमध्ये बऱ्याचदा यूव्हीसाठी काहीतरी मिसळलेलं असतं, आणि अल्कोहोलने पुसलं की बारीक तडे जातात. सीओसी-सीओपीला अल्कोहोल चालतं, पण टोल्युइन, हेक्झेन लावलंत तर गेलंच म्हणून समजा. पीडीएमएस जवळपास काचेइतकं स्वच्छ असतं, पण रोडामाइन बी सारखे डाय ते स्वतःतच शोषून घेतं, मग धुवत बसा.

पण नुसत्या नावावर जाऊ नका, एकाच नावाच्या दोन शीट वेगळ्या निघतात, त्यात घातलेले स्टॅबिलायझर, रंग वगैरे आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून टेस्ट करा. खोलीत पूर्ण अंधार करा, हवं तर चादरीखाली बसा, ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च तिरका मारा आणि पिवळ्या फिल्टरमधून बघा. ३९५चा टॉर्च स्वतःच जांभळा दिसतो, फिल्टर नसेल तर फसाल. फिल्टर डोळ्यापाशी धरा, तुकड्यापाशी धरलात तर कधीकधी फिल्टरच चमकतो. तुलनेला शेजारी प्रिंटरचा पांढरा कागद ठेवा, तो कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घातलेल्या ब्राइटनरमुळे भक्क निळा दिसेल. ४०५चा लेझर पॉइंटर वापरणार असाल तर योग्य गॉगल घाला, स्वस्त पॉइंटरवर लिहिलेल्या मिलीवॉटवर माझा अजिबात विश्वास नाही.

ही झाली ढोबळ चाळणी, खरा निकाल तुमच्याच सेटअपमध्ये लागतो: तीच एलईडी, तोच फिल्टर, आधी रिकामं, मग नुसता तुकडा, मग तुकडा आणि पाणी, अशी तीन रीडिंग घ्या. तुकडा बदलायचा नसेल तर डाय बदलून बघा. साय५ सारखा लाल डाय ६५० नॅनोमीटरच्या आसपास उत्तेजित होतो आणि तिथे बहुतेक प्लास्टिकं बरीच गप्प असतात. काही प्लास्टिकांची चमक उजेड खाऊन खाऊन फिकी पडते, त्यामुळे पहिल्या मिनिटाचं आणि दहाव्या मिनिटाचं रीडिंग वेगळं आलं तर दचकू नका.

माझा उरलेला अर्धा चोर म्हणजे थ्रीडी प्रिंटचा होल्डर. काळ्या रेझिनचा, म्हणून संशयच आला नव्हता, पण टॉर्च मारला तर कडा हिरवट. रेझिनमध्ये फोटोइनिशिएटर, म्हणजे उजेड पडला की रेझिन घट्ट करायला लावणारं रसायन, असतो, तोच चमकत असावा. मग काळ्या डेलरिन नावाच्या टणक प्लास्टिकचा तुकडा लेथवर फिरवून घेतला, रीडिंग धपकन खाली आलं. थोडंसं मात्र तरीही उरलं होतं, फिल्टर चिकटवलेल्या गोंदाचा एक ओघळ आत उतरला होता, तो ब्लेडने खरवडला.