राखीव जनरेटर बसवताना: सोसायटी, बंगला आणि छोट्या व्यवसायासाठी

पुण्यात गुरुवार हा वीजवाहिन्यांच्या देखभाल-दुरुस्तीचा दिवस. सकाळी ठरलेल्या वेळी एखाद्या भागाचा पुरवठा बंद होतो, महावितरणचा लाईनमन, ज्याला आता जनमित्र म्हणतात, खांबावर किंवा रोहित्राजवळ कामाला लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्या भागातल्या सोसायट्यांचे, दवाखान्यांचे आणि दुकानांचे जनरेटर सुरू होतात. जनरेटरविषयी सांगायचे असलेले सगळे मी याच प्रसंगापासून सुरू करतो. तुमच्या जनरेटरची वीज चुकून उलटी बाहेरच्या तारांत शिरली, तर जे रोहित्र एरवी ११ किंवा २२ हजार व्होल्टचे ४०० व्होल्ट करते, तेच उलटे काम करून तुमच्या ४०० व्होल्टचे पुन्हा हजारो व्होल्ट करते. तारेवर हात ठेवलेल्या माणसाला मात्र ती तार मृत आहे अशीच खात्री असते. म्हणून कोणत्या कंपनीचा जनरेटर घ्यावा, यापेक्षा तो बाहेरच्या पुरवठ्यापासून वेगळा कसा राहील, हा प्रश्न आधी विचारावा.

त्याही आधी जनरेटर खरोखर लागतो का, हे तपासावे. एका सदनिकेतले दिवे, पंखे, राऊटर आणि दूरदर्शन संच यांसाठी इन्व्हर्टर आणि बॅटरी पुरते. सदनिकेच्या बाल्कनीत किंवा ड्राय बाल्कनीत पेट्रोलचा छोटा जनरेटर ठेवणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळावे, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो खिडकीतून घरात येऊन झोपलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो. लिफ्ट, पाण्याचा पंप, दवाखान्यातली यंत्रे, शीतगृह, बेकरीची भट्टी किंवा भोसरीतल्या एखाद्या शेडमधली मशीन चालवायची असेल, तरच डिझेल जनरेटरचा विचार करावा. खर्चाचा अंदाजही आधीच घेतलेला बरा. एक लिटर डिझेलमधून साधारण ३ ते साडेतीन युनिट वीज मिळते, म्हणजे डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर नुसत्या इंधनाचा खर्चच युनिटमागे २५ ते ३० रुपये येतो.

क्षमता ठरवताना सर्वाधिक चुका होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात. कोथरूडमधल्या २४ सदनिकांच्या सोसायटीचे उदाहरण घेऊ. लिफ्टची मोटर १० एचपी म्हणजे सुमारे साडेसात किलोवॉट, पाण्याचा पंप साडेसात एचपी म्हणजे सुमारे ५.६ किलोवॉट, जिना, पार्किंग आणि आवारातले दिवे २ किलोवॉट, आणि प्रत्येक घराला ५०० वॉटप्रमाणे १२ किलोवॉट. एकूण बेरीज सुमारे २७ किलोवॉट होते. जनरेटरची क्षमता केव्हीएमध्ये सांगतात आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएपैकी प्रत्यक्ष किलोवॉट किती मिळतात याचे प्रमाण, ०.८ धरतात, त्यामुळे ४० केव्हीएच्या संचातून ३२ किलोवॉट मिळतात आणि हिशेब बसल्यासारखा दिसतो.

परंतु मोटर सुरू होण्याच्या क्षणी ती चालतानाच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते, आणि हा मुद्दा त्या बेरजेत कुठेच येत नाही. साडेसात एचपीची मोटर चालताना सुमारे ११ अँपिअर घेते. तिला थेट सुरू करणारा डीओएल स्टार्टर असेल, तर सुरुवातीला ती ६६ अँपिअरच्या आसपास मागते. ४० केव्हीएच्या संचाचा पूर्ण भाराचा प्रवाहच सुमारे ५६ अँपिअर आहे. पंप सुरू होताच व्होल्टेज खाली येते, दिवे मंदावतात, लिफ्टचे नियंत्रण बंद पडते, आणि रहिवासी जनरेटर लहान पडला असे म्हणून मोठ्या संचाची मागणी करू लागतात. वास्तविक मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावला, तर हाच प्रवाह सुमारे एक तृतीयांशावर म्हणजे २२ अँपिअरवर येतो, आणि त्याचा खर्च मोठ्या संचापेक्षा फारच कमी असतो. लिफ्टला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हळूहळू वाढवणारे नियंत्रक उपकरण, आहे की नाही, हेही लिफ्टच्या देखभाल कंपनीकडून लेखी घ्यावे.

उलट बाजूची चूक म्हणजे भविष्यात लागेल म्हणून ८२.५ केव्हीएचा संच घेणे. या सोसायटीचा प्रत्यक्ष भार बहुतेक वेळा १२ ते १६ किलोवॉटच राहील, आणि ६६ किलोवॉटच्या इंजिनावर तो २० टक्क्यांच्या आसपास पडेल. डिझेल इंजिन दीर्घकाळ ३० टक्क्यांहून कमी भारावर चालले, तर ते पुरेसे तापत नाही, अर्धवट जळलेले इंधन आणि काजळी सायलेन्सरमध्ये साठते आणि तेल लवकर खराब होते. म्हणून मला स्वतःला ४० केव्हीए आणि चांगला स्टार्टर हीच जोडी योग्य वाटते. अग्निशमन पंपाचा हिशेब यात मिसळू नये. त्याची सोय अग्निशमन विभागाच्या अटींनुसार स्वतंत्रपणे करावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, असलेल्या इंजिनांना या उंचीचा फारसा फरक पडत नाही, परंतु टर्बोचार्जर नसलेल्या छोट्या इंजिनांची शक्ती दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्क्यांनी घटते. बंगल्यासाठी छोटा संच घेताना हे लक्षात ठेवावे.

यंत्राच्या निवडीबाबत पुणेकरांना कमतरता नाही. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ पासून इथली आहे, आणि कमिन्सचा कोथरूडचा कारखाना १९६२ चा. कंपनी कोणतीही असो, नवीन संच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी चार-प्लस या उत्सर्जन मानकाचाच असला पाहिजे. १ जुलै २०२३ पासून ८०० किलोवॉटपर्यंतच्या जनरेटरना ते लागू आहे. मोठ्या संचांमध्ये या मानकासाठी सहसा डीईएफ नावाचे युरियाचे द्रावण लागते, आणि ते संपले की काय होते, हे विक्रेत्याला खरेदीपूर्वीच विचारावे.

जागेची निवड पुण्यात पाण्याच्या दृष्टीनेही करावी लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेले पाणी ज्यांनी पाहिले, त्यांना तळघरातल्या जनरेटरचे काय होते हे वेगळे सांगायला नको. ज्या दिवशी वीज सर्वाधिक गरजेची, त्याच दिवशी तो पाण्याखाली असतो. आवारात उंच काँक्रीटचा ओटा बांधून, पूर्वीच्या पुराच्या खुणेच्या वर, संच, बॅटरी आणि पॅनेल तिन्ही ठेवावीत. पॅनेल खाली राहिले आणि संच वर गेला, तर उपयोग नाही. ओट्याभोवती दार उघडून काम करता येईल एवढी मोकळी जागा हवी, आणि रेडिएटरची गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा आत ओढली जाणार नाही अशी दिशा हवी.

आवाजाचा नियम असा, की १००० केव्हीएपर्यंतच्या संचाचा आवाज आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलपेक्षा जास्त असू नये, आणि म्हणूनच संच कारखान्यातूनच ध्वनिरोधक आवरणासह येतो. हे आवरण आले म्हणून शेजाऱ्यांचा प्रश्न मिटत नाही, कारण निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. संच कुणाच्या शयनकक्षाच्या खिडकीखाली येत नाही ना, हे आराखडा करतानाच पाहावे. धुराची नळी इमारतीच्या उंचीहून वर न्यावी लागते, आणि किती वर, याचे सूत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिले आहे: केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणावे. ४० केव्हीएसाठी ते सुमारे १.२६ मीटर येते, म्हणजे १२ मीटर उंच इमारतीसाठी नळी सव्वातेरा मीटरच्या वर. खर्च वाचवण्यासाठी नळी पहिल्या मजल्याजवळ सोडून दिलेली मी अनेकदा पाहिली आहे, आणि त्या धुराचा त्रास रोज कोणत्या घराला होतो, हे त्या घरातल्यांनाच ठाऊक असते. नळीला वळणे कमी ठेवावीत, इंजिनाजवळ लवचीक जोड द्यावा आणि हात पोहोचेल तिथपर्यंत उष्णतारोधक आवरण गुंडाळावे.

आता चेंजओव्हरकडे येऊ. महावितरणचा पुरवठा आणि जनरेटर यांच्यामध्ये असा स्विच हवा, की एक बाजू जोडलेली असताना दुसरी यांत्रिकरीत्या जोडलीच जाऊ शकणार नाही. मुख्य स्विच बंद करून मग जनरेटर चालू करण्याची माणसाची शिस्त हा या अडसराला पर्याय नाही, कारण रात्री दोन वाजता झोपेतून उठलेला वॉचमन कधीतरी क्रम चुकणारच. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर घेऊन घराच्या सॉकेटमधून जनरेटरची वीज आत सोडण्याचा प्रकार तर सरळसरळ जीवघेणा आहे. स्विच चार पोलचा घ्यावा, म्हणजे तीन फेजबरोबर न्यूट्रलही बदलला जाईल. न्यूट्रल समाईक राहिला, तर प्रवाह भलत्या वाटेने परततो आणि गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे आरसीसीबी स्विच विनाकारण पडतात. महावितरणच्या लेखी संमतीशिवाय जनरेटर त्यांच्या पुरवठ्याला समांतर जोडण्यास नियमाने मनाई आहे.

स्वयंचलित पद्धत हवी असेल, तर एएमएफ पॅनेल लागते. पुरवठा गेल्यावर तीन ते पाच सेकंद थांबून ते इंजिन सुरू करते, इंजिन स्थिर झाल्यावर भार देते, आणि पुरवठा परत आल्यावर काही मिनिटे वाट पाहून भार काढून इंजिनाला रिकामे चालवत थंड होऊ देते. परतीचा हा विलंब काढून टाकू नये, कारण पुरवठा परत येताना सुरुवातीला तो अनेकदा दोन-तीनदा येतो-जातो. दवाखान्यातल्या आणि संगणकाच्या उपकरणांना तेवढे सेकंदही चालत नसतील, तर त्यांना स्वतंत्र यूपीएस द्यावा.

छतावर सौर पॅनेल असतील, तर जनरेटरचे नियंत्रण पॅनेल बनवणाऱ्याला ते आवर्जून सांगावे. ग्रिडला जोडलेला सौर इन्व्हर्टर जनरेटरची वीज हीच ग्रिड समजून तिच्याशी जुळतो, आणि दुपारी भार कमी असला की सौर वीज जनरेटरमध्येच उलटी ढकलतो. त्यासाठी नियंत्रक बसवावा किंवा जनरेटर चालू असताना सौर वाहिनी वेगळी करण्याची सोय ठेवावी.

अर्थिंगच्या बाबतीत इथली जमीन अडचणीची आहे. जनरेटरच्या बॉडीला दोन आणि न्यूट्रलला दोन अशा स्वतंत्र अर्थिंग जोडण्या द्याव्यात, म्हणजे साधारणपणे चार खड्डे लागतात. परंतु पुण्याच्या टेकड्यांच्या उतारावर थोडे खणले की मुरूम आणि काळा पाषाण लागतो, आणि अशा जमिनीत एका खड्ड्याचा रोध हवा तेवढा खाली येत नाही. तेव्हा जास्त खड्डे घेऊन ते एकमेकांना जोडावे लागतात. पावसाळ्यात केलेली मोजणी नेहमीच चांगली दिसते. ठेकेदाराकडून मे महिन्यात, जमीन कोरडी असताना, पुन्हा मोजून घ्यावी आणि ती नोंद जपून ठेवावी.

हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, आणि संचाच्या क्षमतेनुसार विद्युत निरीक्षक कार्यालयाची मंजुरी लागते का, हे त्याने काम सुरू करण्यापूर्वी लेखी सांगावे. सोसायटीत सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करावा. डिझेलचा साठा २५०० लिटरपर्यंत आणि कोणतेही एक पात्र १००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर पेट्रोलियम कायद्यानुसार परवाना लागत नाही, परंतु सोसायटीने संचाच्या टाकीपेक्षा फार जास्त डिझेल बाळगूच नये असे माझे मत आहे.

ताबा घेण्यापूर्वी ठेकेदारासमोर चाचणी करावी. प्रथम फेजचा क्रम पाहावा, कारण तो महावितरणच्या क्रमापेक्षा उलटा असेल, तर पंप उलटा फिरतो आणि लिफ्ट चालत नाही. मग संचाला टप्प्याटप्प्याने भार द्यावा, आणि शेवटी मुख्य स्विच खरोखर पाडून संपूर्ण क्रम घड्याळ लावून पाहावा. लिफ्ट चालू असताना पंप सुरू करून पाहायला विसरू नये.

त्यानंतर महिन्यातून एकदा, शक्यतो भार देऊन, अर्धा तास संच चालवावा. वीज गेलेला गुरुवार यासाठी सोयीचा. सुरू न होण्याचे सर्वात नेहमीचे कारण म्हणजे बॅटरी, म्हणून चार्जर चालू आहे ना आणि टोकांवर पांढरी बुरशी धरली नाही ना, हे दर आठवड्याला पाहावे. तेल आणि फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे बदलावेत, आणि तास भरले नसले तरी वर्षातून एकदा बदलावेतच. पावसाळ्यात टाकीत ओल साठते. फिल्टरखालचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून पाणी काढावे. मीटर खोलीच्या दारावर, बाहेरून दिसेल अशी, या इमारतीत जनरेटर आहे अशी ठळक मराठी पाटी लावावी आणि तिच्याखाली चेंजओव्हर कुठे आहे हे लिहावे, म्हणजे गुरुवारी रोहित्राकडे जाणाऱ्या जनमित्राला ते कुणाला न विचारता कळेल.